निवेदक, निवेदन आणि रसभंग : एका वाक्याच्या निमित्ताने शब्दचर्चा

वाचनमंडळाच्या टिपणवहीसाठी लिहिलेले एक वाक्य एका मैत्रिणीने मला दाखवले आणि ते नीट मराठी आहे का, असे विचारले. वाक्य असे होते : ‘या कादंबरीतील निवेदिकेबद्दल मला निराशा वाटली.’ कादंबरी पेशवाईवरची आहे आणि शनिवारवाड्यातली एक दासी ती सांगते. मैत्रिणीची शंका दोन शब्दांपुरती होती. ‘निवेदिका’ म्हटले की तिला आकाशवाणीवरच्या बाई आठवतात, तेव्हा कथा सांगणारीसाठी दुसरा शब्द आहे का. आणि आपल्याला जे वाटले त्याला ‘निराशा’ म्हणावे, ‘अपेक्षाभंग’ म्हणावे की आणखी काही. ती कादंबरी मीही वाचली आहे आणि माझेही मन तिच्यावरून उतरले होते, म्हणून हा प्रश्न मला शब्दांपुरता राहिला नाही. कादंबरीचे नाव मी येथे घेत नाही, कारण राजघराण्यांवरच्या पुष्कळ कादंबऱ्यांत हेच घडते आणि एकीलाच दोष देणे न्यायाचे होणार नाही.

वाक्यरचनेचा मुद्दा आधी संपवतो. ‘निवेदिकेबद्दल निराशा वाटली’ ही रचना कानाला खटकते. मराठीत निराशा ‘होते’ किंवा कोणी तरी ती ‘करते’. ‘निवेदिकेने माझी निराशा केली’ हे वाक्य सरळ आहे. ‘निवेदिकेमुळे माझी निराशा झाली’ हेही चालते. ‘बद्दल’ हा शब्द आदर, राग, कुतूहल, शंका यांच्याशी सहज जुळतो. निराशेशी जुळत नाही, कारण निराशा ही आपण कोणाविषयी बाळगलेली भावना नसून आपल्यावर आलेली स्थिती आहे. एवढी दुरुस्ती केली तरी वाक्य उभे राहील. मात्र शब्दाची निवड त्यानंतरही शिल्लक राहते.

‘निवेदक’ या शब्दाला चर्चेत तीन पर्याय सुचवले गेले : कथक, निरूपक आणि नुसते ‘सांगणारा’. ‘कथक’ हा शब्द अर्थाने अचूक आहे, पण बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे त्याने नृत्यच उभे राहते. ‘निरूपण’ कीर्तनाच्या आणि दासबोधाच्या अंगणातले आहे. त्यात विषय उलगडून दाखवणे अभिप्रेत असते, घडलेली हकीकत सांगणे नव्हे. ‘सांगणारी’ हा शब्द मला मनापासून आवडतो, पण ‘प्रथमपुरुषी सांगणारी’ किंवा ‘सांगणारीची विश्वासार्हता’ असे लिहायची वेळ आली की तो अवघडतो. समीक्षेत ‘निवेदक’ रुजला आहे आणि तोच ठेवावा, असे माझे मत आहे. त्याचे कारण केवळ रूढी नाही. राजघराण्यावरच्या कादंबरीत वाचक नाराज का होतो, याचे उत्तर याच शब्दाच्या पोटात आहे.

‘निवेदन’ म्हणजे ‘नि’ या उपसर्गासह ‘विद्’ या धातूचे प्रयोजक रूप : जाणवून देणे, कळवणे. पण हे कळवणे बरोबरीच्या माणसाला नसते. देवापुढे ठेवतो तो ‘नैवेद्य’ याच कुळातला शब्द आहे. नवविधा भक्तीतली शेवटची पायरी ‘आत्मनिवेदन’ ही आहे. आजच्या वर्तमानपत्रातही ‘शिष्टमंडळाने जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले’ असे छापून येते. जिल्हाधिकाऱ्यांनी शिष्टमंडळाला निवेदन दिले, असे कोणी लिहीत नाही. म्हणजे निवेदन खालून वर जाते आणि ते करणारा हात जोडून उभा असतो. आकाशवाणीच्या आणि रंगमंचाच्या निवेदकाने ही दिशा बदलली, श्रोत्यांना त्या वरच्या जागी बसवले, आणि कादंबरीच्या निवेदकाकडूनही आपण तेच धरून चालतो, की तो जे सांगतो ते वाचकाला सांगतो.

जुन्या राजकथांत निवेदकाचा धनी कोण, हे लपवलेले नसे. कृष्णाजी अनंत सभासद याने शिवछत्रपतींची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, आणि हे त्या बखरीतच नमूद आहे. ती वाचताना एक मुलगा वडिलांची हकीकत ऐकू इच्छितो आणि पदरचा जुना माणूस त्याला ती सांगतो आहे, याचे भान वाचकाला सतत असते. स्तुती कोठे आहे आणि माहिती कोठे आहे, हे आपले आपण निवडून घेतो. येथे निवेदन हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने खरा ठरतो. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’मधली अक्षरे उलटून आला, असे एक मत आहे आणि फारसी ‘बखैर’पासून आला असे दुसरे, यांपैकी कोणतेही धरले तरी खबर देणारा आणि ती घेणारा असे दोघे समोरासमोर असल्याचे चित्र पुसले जात नाही. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, 1674 मध्ये, अष्टप्रधानांची पदनामे संस्कृतात आणली गेली आणि ‘वाकनीस’ हा ‘मंत्री’ झाला. वाकनीस म्हणजे ‘वाकिआ’, घडलेली गोष्ट, लिहून ठेवणारा. राजाच्या दिनचर्येची नोंद हे त्याचे काम. राजाची हकीकत सांगणे हा दरबारात एक हुद्दा होता, आणि हुद्देदाराकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे.

आधुनिक ऐतिहासिक कादंबरीने हा करार बदलला. आपल्याकडे ‘मोचनगड’ 1871 मध्ये आली तेव्हापासून निवेदक वाचकाला जवळ घेऊन बोलू लागला; एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकारांना तर वाचकाला थेट हाक मारून गोष्ट पुढे नेण्याची सवयच होती. पुढे प्रथमपुरुषी निवेदन आले, राण्या बोलू लागल्या, बंधू बोलू लागले, सेवक बोलू लागले, आणि दरबाराच्या आत डोकावण्याचे वचन वाचकाला मिळाले. माझी तक्रार येथे सुरू होते. वचन वाचकाला दिलेले असते, पण पुष्कळ कादंबऱ्यांत निवेदन मात्र अजून सिंहासनाकडेच तोंड करून चाललेले असते. दासी बोलते, पण तिच्या तोंडून धन्याचे गुणवर्णन येते. राणी बोलते, पण तिच्या मनात नवऱ्याच्या मोहिमांखेरीज काही नसते. मग ‘मी’ हा शब्द पानापानावर असूनही त्या ‘मी’ला स्वतःचे असे काहीच उरत नाही.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळतो, आणि येथे मराठीजवळ इतके शब्द आहेत की ‘निराशा’ हा एकच सर्वत्र वापरणे म्हणजे हातचे धन न खर्चणे आहे.

‘अपेक्षाभंग’ हा शब्द आपण आधी काही तरी धरून चाललो होतो, हे गृहीत धरतो. मलपृष्ठावर ‘वाड्याच्या अंतःपुरातून प्रथमच’ असे छापलेले असेल आणि आत नेहमीचीच लढाई असेल, तर अपेक्षाभंग झाला असे म्हणावे. त्यात दोष कधी पुस्तकाचा असतो, कधी जाहिरातीचा, कधी आपल्याच अपेक्षेचा. ‘हिरमोड’ त्याहून घरगुती आणि अधिक हळवा आहे. जत्रेला न्यायचे कबूल करून नेले नाही, तर मुलाचा हिरमोड होतो. तो नेहमी माणसाचा होतो. ‘कादंबरीत हिरमोड आहे’ असे म्हणता येत नाही. मैत्रिणीचे झाले ते पुष्कळसे हिरमोडाच्या जवळ जाणारे होते, हे तिने स्वतःच मान्य केले, कारण तिला त्या दासीची स्वतःची गोष्ट ऐकायची होती आणि ती सांगितलीच गेली नाही. ‘विरस’ हा शब्द कोणी तरी सुचवला. तो सुंदर आहे, पण तो समारंभाला, मेळाव्याला, चार माणसांच्या आनंदाला लागतो. एकट्याने पुस्तक वाचणाऱ्याला तो थोडा सैल बसतो.

‘भ्रमनिरास’ या शब्दाविषयी मात्र थांबून सांगायला हवे, कारण तो हल्ली सर्रास ‘भ्रमनिराश’ असा लिहिला जातो आणि त्यामुळे अर्थच उलटतो. ‘निरास’ म्हणजे निरसन, दूर फेकणे. ‘शंकानिरसन’ म्हणताना आपण हाच धातू वापरतो. ‘निराश’ म्हणजे आशा नसलेला. त्याचा येथे संबंध नाही. भ्रमनिरास म्हणजे भ्रम दूर होणे, आणि ती खरे तर चांगली गोष्ट आहे. दुःख होते ते भ्रम आपल्याला प्रिय होता म्हणून. निवेदकाच्या बाबतीत हा शब्द एका विशिष्ट प्रसंगाला नेमका बसतो. शंभर पाने ज्याच्यावर विसंबून राहिलो, तो सोयीचे तेवढेच सांगत होता, हे एखाद्या प्रकरणात उघडे पडते, आणि मागची सगळी पाने मनात पुन्हा वाचावी लागतात. लेखकाने हे जाणूनबुजून केले असेल तर तो कलेचा भाग आहे आणि अशा भ्रमनिरासाचे मी स्वागत करतो. आमच्या दासीच्या बाबतीत तसे काही नव्हते. ती खोटे बोलत नव्हती. तिला ठाऊक असणे शक्य नव्हते ते ती सांगत होती.

यासाठी आपल्या परंपरेत जो शब्द आहे तो ‘रसभंग’. मला तोच येथे योग्य वाटतो, आणि तो केवळ ‘मजा गेली’ या सैल अर्थाने नव्हे. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ ग्रंथात असे स्पष्ट म्हटले की अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही. हे वाक्य पुष्कळांना पाठ असते. पण त्याच्या आसपास त्याने दिलेले उदाहरण राजाचेच आहे, हे फारसे सांगितले जात नाही. जो केवळ मनुष्य आहे अशा राजाने सात समुद्र ओलांडले, असे कितीही सुंदर शब्दांत वर्णिले तरी ते नीरसच होते, असे तो म्हणतो. मग समोरच्याच्या तोंडून शंका काढतो की सातवाहनादी राजे नागलोकात गेल्याच्या कथा ऐकू येतात, त्यांचे काय. आमच्या पैठणचे सातवाहन अशा रीतीने कथेतल्या औचित्याच्या वादात साक्षीला उभे आहेत, याचा मला दर वेळी आनंद होतो. त्याचे उत्तरही विचारी आहे : राजांचा प्रभाव थोर दाखवू नये असे आम्ही म्हणत नाही, पण ज्याच्याविषयी परंपरेत जेवढा पराक्रम ऐकू येतो, तेवढाच गुंफला तर तो शोभतो. आपण ही कसोटी राजांना लावतो आणि निवेदकाला लावायची विसरतो. सात समुद्र ओलांडणारा राजा जितका अनुचित, तितकीच शंभर कोसांवरचे पाहणारी दासीही.

आणि ही दासी खरोखरच शेकडो कोसांवरचे पाहते. पानिपतच्या पराभवाची वार्ता देणारे सावकारी पत्र प्रसिद्ध आहे : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. कादंबरीत नानासाहेब ते पत्र दिवाणखान्यात वाचतात, त्यांचा हात कापतो, आणि आमची दासी पडद्याआडून ते पाहते. पण 14 जानेवारी 1761 च्या त्या लढाईनंतर हे पत्र हाती पडले तेव्हा नानासाहेब पुण्यात नव्हते. ते उत्तरेकडे निघालेले होते आणि माळव्यात भेलशाच्या बाजूला होते. इतिहासाची चूक म्हणून मी हे सांगत नाही. कादंबरीकाराला थोडी मोकळीक असतेच. मला खटकले ते दुसरेच. ज्या बाईचे सगळे आयुष्य कोठी, मुदपाकखाना आणि देवघर एवढ्यात गेले, तिला या महत्त्वाच्या क्षणी तेथे नेऊन उभे केले ते केवळ वाचकाला पेशव्यांचा हात कापताना दिसावा म्हणून. त्या क्षणी ती माणूस राहिली नाही, लेखकाची खिडकी झाली.

त्याच प्रकरणात एक वाक्य आहे : ‘महालात प्रचंड तणाव होता आणि पाच मिनिटांत सर्व शांत झाले.’ भाषेच्या दृष्टीने हे वाक्य जवळून पाहण्यासारखे आहे. त्या काळी ‘तणाव’ म्हणजे तंबूची दोरी. फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द छावणीत रोज कानावर पडत असेल. पेशवाईतल्या माणसाने ‘महालात तणाव’ असे ऐकले असते तर आत डेरा ठोकला आहे, असे समजला असता. मनाची ओढाताण या अर्थाने तो शब्द खूप नंतर रुळला. मिनिटाची तर गोष्टच नको. तिच्याजवळ पळे होती, घटका होती, प्रहर होता. साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस-रात्र, आणि आपल्या आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटांची एक घटका, असे ते मोजमाप आहे. ‘घटकाभरात सारे चिडीचूप झाले’ असे ती म्हणाली असती तर वाक्य लांबले नसते आणि काळही मोडला नसता. तिला ‘दासी’ म्हणणे हेसुद्धा पुस्तकी आहे. पेशवाईच्या कागदांत अशा बाईला ‘कुणबीण’ म्हटलेले आढळते, आणि त्या शब्दात तिचे विकत घेतले जाणे, तिचे कष्ट, तिचे वाड्यातले स्थान, सारे आहे. ‘दासी’ म्हटल्याबरोबर ती नाटकातल्या राजवाड्यात जाऊन उभी राहते.

येथे एकाने आक्षेप घेतला आणि तो गंभीर आहे. जुनेच शब्द वापरायचे तर वाचकाला कळणार कसे, आणि आज लिहिलेली कादंबरी आजच्या मराठीत का असू नये? मी हे मान्य करतो. तृतीयपुरुषी निवेदक आजचा असतो. त्याने ‘तणाव’ म्हटले तर मी हरकत घेणार नाही, कारण तो आपल्या काळातून मागे पाहतो आहे. उलट प्रत्येक वाक्यात ‘तसलीम’, ‘मसलत’, ‘खलिता’ पेरून काळ उभा राहतो, असेही नाही. शब्दांची अशी आरास ‘मिनिटां’इतकीच खोटी वाटते. प्रश्न जुन्या-नव्याचा नाही. ज्याने ‘मी’ म्हणून बोलायचे ठरवले, त्याच्या तोंडी त्याचा शब्द असावा, त्याच्या डोळ्यांना त्याच्या जागेवरून दिसेल तेवढेच दिसावे. औचित्य हा शब्द ‘उचित’पासून आला आहे आणि उचित हे नेहमी कोणाला तरी उचित असते.

राजकथेचा निवेदक कसा असावा, याचा एक नमुना आपल्या ‘कादंबरी’ या शब्दाच्याच घरात आहे. ज्या बाणभट्टाच्या ग्रंथावरून आपण या साऱ्या वाङ्मयप्रकाराला नाव दिले, त्यानेच सातव्या शतकात हर्षवर्धनाचे चरित्र लिहिले. त्यात तो गावी परतल्यावर चुलतभाऊ त्याला राजाची कथा सांग असा आग्रह करतात आणि मग तो ती सांगतो. म्हणजे ऐकणारे राजा नव्हेत, घरचे आहेत. त्याआधी आपण राजाला पहिल्यांदा भेटलो तेव्हा राजाने आपल्याला ‘भुजंग’ म्हणून हिणवले, हेही तो लपवत नाही. मराठीत भुजंग म्हणजे नाग. संस्कृतात त्या शब्दाला रंगेल, बदफैली पुरुष असाही अर्थ आहे, आणि राजाच्या मनात तोच होता. बाणाने त्यावर राजाला स्वाभिमानाने उत्तर दिले, तेही आपल्याला वाचायला मिळते. तो पुढे हर्षाची केवढीही स्तुती करो, मी त्याचे ऐकून घेतो, कारण राजापुढे उभे असताना त्याचा स्वतःचा अपमान, स्वतःचा राग आणि स्वतःची जागा त्याने माझ्यापासून लपवली नाही.

मैत्रिणीने नंतर विचारले, की मग ‘माझा रसभंग झाला’ असे लिहू का. तसे लिहू नये. हिरमोड माझा होतो, निराशा माझी होते. रसभंग मात्र त्या ठिकाणी होतो, त्या प्रसंगात होतो, आणि म्हणूनच तो दाखवून देता येतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. ‘माझी निराशा झाली’ यावर कोणी वाद घालू शकत नाही आणि त्यातून कोणाला काही मिळतही नाही. ‘येथे रसभंग होतो’ असे म्हटले की लगेच कोठे, कोणत्या वाक्यात, का, हे सांगावे लागते, आणि दुसरा वाचक ते पान उघडून आपले म्हणणे तपासू शकतो.

तसे पान तिने आणि मी मिळून पुन्हा उघडले, तेव्हा त्याच्या आधीच्या प्रकरणात एक परिच्छेद सापडला जो आम्ही दोघांनीही पहिल्या वाचनात ओलांडून पुढे गेलो होतो. त्यात ती कुणबीण केळीची पाने पुसते आहे. मोहीम निघण्यापूर्वी पंगतीला किती पाने लागत आणि ती निघाल्यावर किती, हे तिला तोंडपाठ आहे. रोज सकाळी कोठीवाला आकडा सांगतो आणि ती तेवढी पाने वेगळी काढते. मग उत्तरेची बातमी आल्यावर एका सकाळी तो आकडा सांगायलाच येत नाही, आणि ती पुसलेली पाने मांडीवर घेऊन बसून राहते. एकही मोठा शब्द नाही, पेशव्यांचा हात नाही, पत्र नाही. तिला जे कळणे शक्य होते तेवढेच तिने सांगितले आणि ते तिने आम्हाला सांगितले.

टिपणवहीतले वाक्य शेवटी असे झाले : ‘केळीच्या पानांच्या प्रसंगात निवेदिका स्वतःच्या जागेवरून बोलते; पत्राच्या प्रसंगात तिला तेथून उचलून दिवाणखान्यात नेले आहे, आणि तेथे रसभंग होतो.’ ‘निवेदिका’ हा शब्द तसाच ठेवला.